पठारावरची गलबते

पहिली फळी मोडतेच. दोन मिलिमीटर जाड, पाच मिलिमीटर रुंद, हातभर लांब अशी ती पट्टी असते. सांगाड्याच्या मधल्या भागावर ती गुमान बसते. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या निमुळत्या टोकाकडे, ती वळवायला जावे तो कट्‌कन आवाज येतो. दुसरी पट्टी मग गरम पाण्यात भिजवली जाते. तिसरी भिजवून शिवाय तापल्या नळीवर हळूहळू शेकली जाते. चौथी कुठे वळते. पण वळता वळता पीळ खाते, कारण जहाजाचे अंग एकाच दिशेने वाकलेले नसते. ते पुढे निमुळते होत जाते, खाली आत ओढले जाते आणि त्याच वेळी वरही चढते. या चौथ्या पट्टीशी तासभर झटापट केली, की किनाऱ्यावरच्या जहाजबांधणाऱ्या मिस्त्रीला काय काय येत असले पाहिजे याचा पहिला अंदाज येतो.

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती हाताने कशा बांधायच्या, याची ओळख पुढच्या पानांत करून दिली आहे, आणि ती अहिल्यानगर जिल्ह्यातला वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. या जिल्ह्याला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, किनारा नाही. घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय खारे पाणी दिसत नाही. तरीही जहाज या मातीला परके नाही, आणि जहाजाला लागणारे हातही इथे परके नाहीत.

नेवाशाचेच पाहावे. ज्ञानेश्वरीमुळे घरोघर माहीत असलेल्या या गावी प्रवरेच्या काठावर डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तिथल्या थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या अँफोरांचे, म्हणजे मद्य आणि तेल भरायच्या दोन कानांच्या, टोकदार बुडाच्या कुंभांचे तुकडे सापडले. कुंभाचे बूड टोकदार का, याचे उत्तर जहाजाच्या पोटात आहे. अशा कुंभांच्या रांगा एकमेकींत रुतवून रचल्या, की समुद्राच्या हेलकाव्यात त्या सरकत नाहीत. नेवाशाला आलेले कुंभ घाट चढून आले; त्याआधी ते कुठल्यातरी गलबताच्या तळाशी असेच उभे होते. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे, आणि त्या घराण्याची राजधानी पैठण ही आजच्या शेवगाव तालुक्याला लागून, गोदावरीच्या पलीकडे आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगर शहर वसले, तेव्हा निजामशाहीचे बंदर होते चौल. १५०८ साली त्याच चौलच्या पाण्यात इजिप्तच्या मामलुकांचे आणि गुजरातच्या मलिक अयाझचे आरमार एकत्र आले आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा त्या लढाईत मारला गेला. पुढे १५७०–७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला महिनोन्‌महिने वेढा घातला, पण समुद्राकडून येणारी रसद त्याला तोडता आली नाही. दंडाराजपुरी आणि जंजिराही याच राज्याची ठाणी. भुईकोट किल्ल्याच्या तटावरून दूरवर फक्त माळरान दिसते. त्या किल्ल्यातल्या दरबाराला मात्र वारा कधी फिरतो, गलबते कधी सुटतात, याचा हिशेब ठेवावा लागत होता.

याच शहरात १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे. तिथे मैदानात ओळीने खरेखुरे रणगाडे उभे आहेत. त्यांच्याभोवती फिरता येते, पोलादावरून हात फिरवता येतो, नळीची जाडी मोजता येते. मराठ्यांच्या गुराबेच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाच्या, बाबतीत असे कुठेही करता येत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे आरमार ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली विजयदुर्गावर चालून गेले. जमिनीवरून इंग्रजांच्या मदतीला पेशव्यांची फौज आली होती. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांचे आरमार बंदरात एकमेकांना खेटून उभे होते. आग एका जहाजाला लागली आणि सगळा तांडा पेटला. अर्धशतकाहून अधिक काळ पश्चिम किनाऱ्यावर ज्या जहाजांचा धाक होता, त्यांची एकही फळी आपल्या हाती उरलेली नाही. गिर्ये गावाजवळ खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आजही पाहता येते, पण गोदी म्हणजे पाळणा झाला. त्यात वाढलेले मूल कसे दिसत होते हे तिच्यावरून सांगता येत नाही.

म्हणूनच इथे प्रतिकृतीला दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूपेक्षा फार मोठे काम आहे. लिहिणाऱ्याला 'गुराब हे मोठे लढाऊ जहाज होते' असे म्हणून पुढच्या वाक्यावर जाता येते. बांधणाऱ्याला तसे जाता येत नाही. फळी कुठे संपली? ती नाळेच्या लाकडात खाच घेऊन बसली, की वरून ठोकली? डोलकाठीचे बूड कशावर टेकले? वल्ही मारणारा माणूस बसला कुठे आणि त्याचे पाय कुठे टेकले? प्रत्येक प्रश्नाला लाकडात उत्तर द्यावेच लागते, आणि चुकीचे उत्तर लपत नाही.

उत्तरे शोधायला साधने आहेत, पण ती तुटक आहेत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतांचे बारकाईने वर्णन केले. गुराबेला सहसा दोनपेक्षा जास्त डोलकाठ्या नसत, काहींना मात्र तीन असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांची. लांबीच्या मानाने ती चांगलीच रुंद, मात्र मध्यापासून पुढे निमुळती होत जाई. पुढे युरोपी जहाजासारखी फुगीर छाती नसे. भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब चोच पुढे आलेली असे. या चोचीवरच्या फळ्यांना बाजूचा कठडा नसे, कारण लाटेत नाळ बुडाली तर वर आलेले पाणी दोन्ही अंगांनी वाहून जायला हवे. चोचीच्या मागे आडवी भिंत, भिंतीला भोके आणि त्यांतून पुढे रोखलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. गलबत याच घाटाचे, पण लहान: जास्तीत जास्त ७० टन, दोन काठ्या, मोठे तिकोनी शीड आणि ४०–५० वल्ही.

प्रतिकृती बांधणाऱ्याला इतके हाती येणे म्हणजे पर्वणीच. तरी ऑर्मने लांबी दिलेली नाही. ३०० टन म्हटले की लांबी, रुंदी आणि खोली यांच्या कितीतरी जोड्या त्यात बसतात. मग इतर पुराव्यांकडे वळावे लागते. १६७९ च्या ऑक्टोबरात खांदेरीजवळ मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्यांनी इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब पकडली. वारा पडला की मोठी जहाजे जागच्या जागी खिळत आणि या होड्या वल्ह्यांवर सुळकन निघून जात. याचा अर्थ प्रतिकृतीत उतरवायचा, तर बूड फार खोल घेता येणार नाही आणि वल्ह्यांची ओळ पाण्यापासून फार उंच ठेवता येणार नाही. त्याआधी २० वर्षे, १६५९ च्या सुमारास, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर कामावर होता आणि वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला फोडून परत नेले. म्हणजे सुरुवातीपासूनच या आरमारात देशी घाट आणि फिरंगी जोडकाम शेजारी शेजारी होते. एखाद्या प्रतिकृतीत एक सांधा पोर्तुगीज पद्धतीचा दाखवला, तर त्यात काही वावगे नाही.

चित्रे आहेत, पण जपून वापरावी अशी. डॉमिनिक सेरेसने विजयदुर्गच्या लढाईचे प्रसिद्ध चित्र रंगवले ते १७७१ मध्ये, घटनेनंतर १५ वर्षांनी, इंग्लंडमध्ये. त्यातला धूर आणि ज्वाळा खऱ्या वाटतात. जळणाऱ्या जहाजांच्या दोरखंडांवर मात्र विसंबू नये. बोरिवलीजवळ एकसरचे शिलाहार काळातले वीरगळ याहून कितीतरी जुने आणि एका अर्थी अधिक प्रामाणिक आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजे ओळीने कोरलेली आहेत आणि त्यांची उंच नाळ स्पष्ट दिसते. सर्वांत मोलाचे काम फ्रेंच आरमारातल्या एदमों पारी याने करून ठेवले. जगभर फिरताना त्याने युरोपाबाहेरच्या जहाजांची मोजमापे घेऊन आराखडे काढले आणि १८४० च्या दशकात ते पुस्तकरूपाने छापले. त्यात आपल्या किनाऱ्यावरची फत्तेमारीही आहे. पुढे पॅरिसच्या नौका संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने त्या आराखड्यांवरून प्रतिकृती बांधवून घेतल्या. मुंबईचा माल कालिकतला नेणारी आपली फत्तेमारी पॅरिसच्या कागदावर इंचाइंचाने मोजलेली सापडते, याचा आनंद होतो; तसे मोजणारे कोणी इथे निपजले नाही, याची हळहळही वाटते.

तुटक पुराव्यावरून पुरे जहाज उभे करता येते का, याचे ताजे उत्तर गोव्यात मिळाले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे: तीन डोलकाठ्या, नाळेवर डोळा, पिछाडीला सुकाणूची वल्ही. आराखडा नाही, मोजमाप नाही, फक्त भिंतीवरचे चित्र. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात करार झाला आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला कण्याचे लाकूड बसवले गेले. केरळचे मुख्य कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी लोखंडाचा एकही खिळा न वापरता फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या आणि फटी काथ्या व राळेने बुजवल्या. १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद असे हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने नौदलात आले आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतकडे निघाले.

या कथेतला एक टप्पा प्रतिकृती बांधणाऱ्याने कधी विसरू नये. मोठे जहाज समुद्रात सोडण्याआधी मद्रासच्या आयआयटीत त्याच्या लहान प्रतिकृतीवर पाण्यातल्या चाचण्या झाल्या. भिंतीवरचे चित्र आणि खरे जहाज यांच्या मध्ये एक छोटी प्रतिकृती उभी होती.

अगदी उलट टोकाचे उदाहरण 'ट्रिंकोमाली'. ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडली. तिचे आराखडे इंग्लंडहून यायचे होते. पहिली प्रत घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या हाती पडून नष्ट झाले आणि आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली. ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगते आहे. इथे आराखडा आहे, खरे जहाज आहे, छायाचित्रे आहेत. अंदाजाला जागाच नाही. शिस्त शिकायची असेल तर ट्रिंकोमाली, विचार करायला शिकायचे असेल तर गुराब. मात्र दोन्हींच्या आधी एखादा साधा मचवा हातून झालेला असावा.

लहान जहाजे बांधण्याचा नाद माणसाला फार जुना आहे. इजिप्तमध्ये थीब्जजवळ मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यातून १९२० साली पुरातत्त्वज्ञ हर्बर्ट विनलॉकला लाकडी होड्यांचा ताफाच मिळाला. त्यांत वल्ही मारणारी माणसेसुद्धा आपापल्या जागी बसलेली होती, जवळजवळ चार हजार वर्षे. इंग्लंडच्या नौदलात सतराव्या शतकापासून १:४८ या प्रमाणात प्रतिकृती होऊ लागल्या. त्यांचा खालचा भाग फळ्या न लावता मुद्दाम उघडा ठेवत, म्हणजे फासळ्यांची रचना दिसावी. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये कैद झालेल्या फ्रेंच खलाशांनी शिध्यातल्या मांसाची हाडे साठवून, उकळून, तासून त्यांची जहाजे केली आणि तुरुंगाच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकली. हत्यारे जवळजवळ नव्हती; वेळ भरपूर होता आणि जहाज पाठ होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सगळ्यांत आधी प्रमाण ठरवावे लागते. १:४८ म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट प्रतिकृतीत पाव इंच. या प्रमाणात कौंडिण्य सुमारे ४१ सेंटिमीटर लांब होईल, ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला जवळजवळ ९५ सेंटिमीटर, आणि डेकवर उभा साडेपाच फुटी खलाशी साडेतीन सेंटिमीटर. इंचभर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा धागा होतो. नवशिक्यांचा हात इथेच फसतो. जहाजाचे अंग अचूक उतरते आणि दोर मात्र तिप्पट जाड राहतात. पाहणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही, पण जहाज खेळण्यासारखे दिसते.

अंग घडवण्याच्या चार रीती आहेत. पहिली ठोकळ्याची: एकच लाकूड बाहेरून तासायचे. दुसरी थरांची: पाण्याला समांतर असे जहाजाचे काप कल्पून तेवढ्या आकाराच्या फळ्या करवतायच्या, एकीवर एक चिकटवायच्या आणि राहिलेल्या पायऱ्या रंध्याने व कानशीने काढून टाकायच्या. पायरीचा आतला कोपरा नाहीसा झाला की थांबायचे. त्यापुढचा प्रत्येक हात आराखड्याच्या बाहेर नेतो. तिसरी रीत पडद्यांची: कण्याच्या उभ्या फळीत खाचा पाडून आडवे पडदे बसवायचे आणि त्यांवर पट्ट्या लावत जायच्या. चौथी खऱ्या जहाजाची, एकेक फासळी तुकड्यांतून जोडून उभी करायची. ती शेवटी शिकावी. पट्ट्या जोडून अंग घडवण्याची तिसऱ्या रीतीसारखी पद्धत मोठ्या नौकांनाही चालते. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'चे अंग लाकडी पट्ट्यांचेच आहे, वर काचतंतूंचे अस्तर. त्याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

फळ्या लावण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक प्रतिकृती इथेच अर्धवट राहतात. जहाजाचा घेर मध्यावर मोठा असतो, नाळेकडे लहान. समजा, मध्यावर वरच्या कडेपासून कण्यापर्यंतचे अंतर १०० मिलिमीटर आहे आणि नाळेजवळ ६० मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या २० पट्ट्या मध्यावर बरोबर बसतात. नाळेजवळही त्या वीसच्या वीस पोचायच्या असतील, तर तिथे प्रत्येकीला तीनच मिलिमीटर जागा आहे. म्हणून प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला निमुळती तासून घ्यावी लागते. पाचाची तीन झाली तर चालते. निम्म्याच्या खाली गेली तर टोक पातळ होऊन चिरते, मग दोन पट्ट्या संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्यायची. पिछाडीला उलटा प्रकार होतो. तिथे घेर वाढतो, पट्ट्यांमध्ये फट पडते आणि तीत पाचरीसारखा तुकडा घालावा लागतो. सदरा शिवताना घेरासाठी कळी घालतात, तसाच हा प्रकार. शिंप्याची कळी ज्याने नीट पाहिली आहे, त्याला हा तुकडा कुठे सुरू व्हावा हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मोजमापाला कागदाची पट्टी पुरते. ती प्रत्येक पडद्याच्या अंगाला लपेटायची, दोन्ही टोकांना खूण करायची, काढून टेबलावर पसरायची आणि तिचे २० सारखे भाग करून पुन्हा पडद्यावर उतरवायचे. त्याआधी पडद्यांच्या कडा तिरक्या घासलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर पट्टी कडेच्या धारेवर टेकते आणि मध्ये पोकळी राहते. या घासण्याचा अनेकांना कंटाळा येतो. त्याला दोन संध्याकाळी दिल्या, तर पुढचे दोन महिने सुखाचे जातात.

पट्ट्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा आलटून पालटून लावायच्या. एकच बाजू आधी पुरी केली तर तिच्या ताणाने कणा धनुष्यासारखा वाकतो, आणि तो पुन्हा सरळ होत नाही. नगरच्या हवेत आणखी एक पथ्य आहे. श्रावण-भाद्रपदात लाकूड ओल धरून फुगलेले असते. त्या वेळी घट्ट बसवलेल्या पट्ट्या चैत्र-वैशाखाच्या कोरड्या झळांत आकसतात आणि सांध्यांतून उजेड दिसू लागतो. पट्ट्या फाडून आणल्यावर निदान दोन-तीन आठवडे कामाच्या खोलीतच ठेवाव्यात आणि अंगाचे जोडकाम पावसाळा ओसरल्यावर हाती घ्यावे. फेव्हिकॉल सांध्याला बोटाने पुसट लावावा. बाहेर ओघळलेला थेंब वाळून गेला की तिथे पॉलिश धरत नाही आणि पांढुरका डाग कायमचा राहतो.

लाकडाची निवड हा खरा आवडीचा विषय. खरी जहाजे सागाची, म्हणून प्रतिकृतीही सागाची करावी, असे प्रत्येकाला वाटते. सागाचे छिद्रे-रेषांचे पोत मात्र मोठे असते. १:४८ च्या जहाजावर त्याचे एक छिद्र भेगेएवढे दिसते. बारीक पोताचे, पिवळसर हेदाचे लाकूड या कामाला उत्तम. पूर्वी त्याच्या फण्या होत. शिवण हलकी आणि स्थिर, ठोकळ्याच्या रीतीला सोयीची. सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरतात तो पांगारा मऊ असतो. त्यात सराव करावा, टिकाऊ काम करू नये. बाभूळ गाडीच्या चाकाला हवी, इथे ती ब्लेडला दाद देत नाही. डोलकाठ्यांना सरळ रेषांचा बांबू चालतो, आणि बांबूच्याच कामट्यांपासून लाकडी खिळे होतात. सोनार तार ओढायला भोकांची पोलादी पट्टी वापरतात. तशीच पट्टी घेऊन कामटीची काडी लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत न्यायची. अर्ध्या मिलिमीटरची गोल काडी तयार होते आणि तिचे तुकडे फळीतल्या भोकांत बसतात. जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात बांबू आहेच, आणि सोनार प्रत्येक बाजारगावात आहे.

लाकडाचा विषय निघाला की आज्ञापत्र आठवल्याशिवाय राहत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमारासाठी साग वगैरे झाडे परवानगीने तोडावीत, पण आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे तिथे बजावले आहे. अगदी जीर्ण झालेले झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. ज्या काळात युरोपातली आरमारे ओकची जंगले संपवत होती, त्या काळातला हा मजकूर आहे.

दोरकामात एक चूक सर्रास दिसते. बाजारात 'मराठा जहाज' म्हणून मिळणाऱ्या शोभेच्या वस्तूंवर काळे, डांबर लावल्यासारखे दोर आणि शिडीसारखी दोरजाळी असते. हा युरोपी जहाजांचा थाट. आपल्या किनाऱ्यावर दोर काथ्याचा, म्हणजे सोनेरी-तपकिरी, आणि शीड तिरप्या परबाणाला, म्हणजे शीड धरणाऱ्या काठीला, बांधलेले असले की दोरांची संख्याही पुष्कळ कमी. धागा दुकानातून आणण्यापेक्षा घरी वळावा. बारीक सुताचे तीन पदर एका दिशेने पिळायचे आणि मग तिन्ही एकत्र उलट दिशेने सोडायचे. दोर आपोआप घट्ट बसतो. ज्या घरात अंबाडीचे चऱ्हाट वळलेले आहे, तिथे हे आजोबांना विचारावे. फरक फक्त जाडीचा. शेवटी मेणाच्या वडीवरून धागा ओढून घेतला, की उभी राहिलेली लव बसते.

गाडीच्या चाकाचा उल्लेख वर ओझरता आला. त्याच्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण या जिल्ह्याची जहाजाशी खरी ओळख तिथेच आहे. तुंब्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव, असे लाकडी चाक करणारा गावचा सुतार वाकडे लाकूड वाकडेपणासकट वापरायला शिकलेला असतो. ज्या फांदीचा बाक हव्या त्या वळणाचा आहे ती तो हेरून ठेवतो, कारण वळणाबरोबर धावणारे तंतू करवतीने कापलेल्या वळणापेक्षा पुष्कळ बळकट असतात. किनाऱ्यावरचा मिस्त्री जहाजाच्या फासळ्या निवडताना नेमके हेच करतो. वाकस, पटाशी, किकरे, गुण्या, सामता ही हत्यारेही दोघांची सारखीच. टायरच्या गाड्या आल्यावर लाकडी चाकाचे काम जवळजवळ थांबले, आणि फायबरच्या होड्या आल्यावर तेच किनाऱ्यावर घडले. अजून काही घरांत ही हत्यारे माळ्यावर आहेत आणि ती धरायची कशी हे सांगणारी माणसेही आहेत. प्रतिकृतीचे काम त्यांच्यापाशी बसून शिकता येईल, तोवर शिकून घ्यावे.

शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना याचा आणखी एक रस्ता आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती बांधणे हा रीतसर प्रशिक्षणाचा भाग आहे आणि अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धा होते. समुद्र न पाहिलेली मुलेसुद्धा तिथे जहाजाचे भाग नावानिशी शिकतात, आणि हातांनी शिकलेली नावे विसरली जात नाहीत.

पुढच्या पानांतले पहिले काम म्हणून ठोकळ्याच्या रीतीने करायचा एक मचवा घेतला आहे: एक डोलकाठी, एक तिकोनी शीड, सुकाणू आणि चार वल्ही. त्यासाठी शिवणीचा ३० सेंटिमीटर लांब, ८ रुंद आणि ६ उंच असा, चारही बाजूंनी रंधून गुण्यात आणलेला ठोकळा लागेल. करवत लावण्याआधी त्याच्या वर, खाली, पुढे आणि मागे, चारही अंगांवर फिरणारी बरोबर मधली रेघ टोकदार पेन्सिलीने आखायची. पुढची सगळी मापे तिच्यापासून दोन्हीकडे घ्यायची आहेत. तासताना ती पुसली जाईल. दर वेळी थांबून, गुण्या लावून ती पुन्हा आखायची आणि मगच पटाशी उचलायची.